विश्वासाचं वीजबिल कुणाच्या नावावर?

चिपळूणहून कुंभार्ली घाटाच्या वाटेला लागलं की अलोरे-पोफळीच्या पट्ट्यात उच्चदाबाच्या तारा डोक्यावरून सोबत करू लागतात. पूर्वेला जाणारं कोयनेचं पाणी इथे सह्याद्रीच्या पोटात कोरलेल्या वीजघरांतून पश्चिमेला उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठीला मिळतं. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता 1960 मेगावॉट आहे. ही सगळी यंत्रं वर्षभर एक मिनिटही न थांबता फिरली तर सुमारे 17 अब्ज युनिट वीज तयार होईल. प्रत्यक्षात तसं होऊ शकत नाही, कारण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातलेली आहे.

आता दुसरा आकडा. केंब्रिज विद्यापीठाच्या 2025 च्या अहवालानुसार एकट्या बिटकॉइन या डिजिटल चलनाच्या जाळ्याला वर्षाकाठी अंदाजे 138 अब्ज युनिट वीज लागते. म्हणजे कधीही न थांबणाऱ्या आठ कोयना. जैतापूरचा प्रस्तावित अणुप्रकल्प 9900 मेगावॉटचा आहे. तो पूर्ण उभा राहिला आणि वर्षभर अखंड चालला, तरी 87 अब्ज युनिटांपर्यंत पोचेल. बिटकॉइनला तोही पुरणार नाही.

हा हिशेब मी मुद्दाम कोकणातल्या मापांनी मांडला आहे. वीज म्हणजे भिंतीवरचं बटण एवढंच ज्यांना माहीत आहे, त्यांना 138 अब्ज हा नुसता आकडा वाटेल. आपल्याला तसा वाटू नये. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या नातवंडांनाही पुनर्वसनासाठी मोर्चे काढावे लागले. दाभोळ, जयगड, जैतापूर ही आपल्याकडे गावांची नावं राहिलेली नाहीत, ती वादांची नावं झाली आहेत. कुणी त्या प्रकल्पांच्या बाजूचा असेल, कुणी विरोधातला, पण वीज कुठल्या तरी गावाच्या अंगावरून येते हे दोघांनाही सांगावं लागत नाही. म्हणून ब्लॉकचेनमध्ये, म्हणजे बिटकॉइन ज्यावर चालतं त्या अनेकांनी मिळून राखलेल्या डिजिटल वहीत, सहमती कशी साधायची हा संगणकवाल्यांचा घरगुती प्रश्न आहे, असं म्हणून मला तो सोडून देता येत नाही. त्यातच केंद्र सरकारनं सप्टेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय ब्लॉकचेन आराखडा सुरू केला आहे. दाखले, मालमत्ता, मालाचा प्रवास अशा नोंदी या तंत्रावर ठेवण्याची चर्चा आज ना उद्या आपल्या तालुक्याच्या गावी येणारच. तेव्हा ‘ब्लॉकचेन हवी की नको’ यापेक्षा ‘कुठल्या सहमतीची ब्लॉकचेन’ हे आपण विचारलं पाहिजे.

मूळ अडचण साधी आहे. एकच वही अनेकांकडे आहे. कुणी साहेब नाही, कुणी कारकून नाही. नवी नोंद कोणती धरायची हे ठरवायचं कसं? मतदान घ्यावं, तर एकच माणूस हजार खोटी नावं घेऊन येईल. सातोशी नाकामोतो या टोपणनावानं 2008 च्या ऑक्टोबरात मांडलेल्या बिटकॉइननं यावर उपाय काढला तो असा: मत नावागणिक मोजायचं नाही, खर्चलेल्या श्रमागणिक मोजायचं. नोंदींचा गठ्ठा घ्यायचा, त्याला एक आकडा जोडायचा आणि त्या सगळ्याचा डिजिटल ठसा काढायचा. ठशाच्या सुरुवातीला ठरावीक शून्यं आली तर तुमचा गठ्ठा पुढे जातो आणि तुम्हाला बक्षीस मिळतं. नाही आली तर दुसरा आकडा, मग तिसरा, मग अब्जावा. यालाच प्रूफ ऑफ वर्क म्हणतात. खोटी नावं फुकट मिळतात, वीज फुकट मिळत नाही, ही त्यामागची कल्पना. ती हुशारीची आहे हे मान्य केलं पाहिजे. बिटकॉइनच्या साखळीवर बहुमत बळकावून केलेला हल्ला आजवर यशस्वी झालेला नाही.

मग यंत्रं सुधारा, कमी विजेवर चालणाऱ्या चिपा बनवा, असं अनेकजण सुचवतात. इथे मला मालवणच्या एका तांडेलाचं बोलणं आठवतं. आधी एकानं मोठं इंजिन बसवलं, मग सगळ्यांनी बसवलं. एकानं मासा शोधायचं यंत्र आणलं, मग सगळ्यांकडे आलं. जनरेटर लावून पाण्यावर एलईडीचे झोत टाकणाऱ्या बोटी आल्या. तो म्हणाला, “मासो तितकोच, डिझेल मात्र दुप्पट जळता.”

प्रूफ ऑफ वर्कमध्ये नेमकं हेच घडतं आणि तिथे ते नियमातच लिहिलेलं आहे. साधारण दहा मिनिटांनी एक गठ्ठा, हे बिटकॉइनचं ठरलेलं माप. दर 2016 गठ्ठ्यांनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, जाळं स्वतःच बघतं की गठ्ठे लवकर येताहेत का. येत असतील तर कोडं अवघड करतं. म्हणजे यंत्रं दुप्पट कार्यक्षम झाली तर वीज निम्मी होत नाही, कोडं दुप्पट अवघड होतं. सुरुवातीला हे काम घरच्या संगणकावर व्हायचं, नंतर ग्राफिक कार्डांवर गेलं, मग फक्त याच कामासाठी घडवलेल्या चिपांवर. प्रत्येक पायरीला एका युनिटात कैकपटींनी जास्त ठसे निघू लागले, आणि एकूण वीजवापर मात्र वाढत राहिला. बक्षीस ठरलेलं आहे, तेव्हा ते मिळवण्यासाठी माणसं त्याच्या किमतीइतका खर्च करत राहणार. एलईडी मासेमारीवर केंद्रानं नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली, तेव्हा कमी वॉटचे दिवे वापरा असं सांगितलं नव्हतं. बंदीच्या अंमलाबद्दल किनाऱ्यावर तक्रारी आहेत, त्या खऱ्याही आहेत, पण दिशा बरोबर होती. अशी शर्यत चांगल्या दिव्यानं थांबत नाही. नियमच बदलावा लागतो.

यावर एक उत्तर हमखास येतं: बिटकॉइनची निम्म्याहून अधिक वीज आता शाश्वत स्रोतांची आहे. केंब्रिजच्याच अहवालात तसं म्हटलं आहे आणि मी ते खोडून काढत नाही. पण कोयनेची वीजही जलविद्युतच आहे. धूर निघत नाही म्हणजे किंमत नाही असं कोकणातल्या माणसानं तरी म्हणू नये. 2021 मध्ये चीननं मायनिंगवर, म्हणजे बक्षिसासाठी ही कोडी सोडवण्याच्या धंद्यावर, बंदी घातल्यावर कितीतरी यंत्रं कझाकस्तानात गेली. तिथे थंडीत विजेचा तुटवडा पडला आणि जानेवारी 2022 मध्ये मायनिंगची वीज तोडावी लागली. उद्या जयगडच्या वीजकेंद्राशेजारी मायनिंगची शेड उभारून ‘रोजगार देतो’ असं कुणी म्हणालं, तर आपण हा प्रसंग आठवावा. अशा शेडमध्ये यंत्रं हजारो असतात, माणसं मोजकीच.

वीज जाळून सुरक्षितता मिळते, हे खरं असलं तरी ती फक्त मोठ्यांना मिळते. प्रूफ ऑफ वर्कची साखळी लहान असेल तर तिला हरवायला लागणारी यंत्रशक्ती भाड्यानं घेता येते. इथेरियम क्लासिक या साखळीवर जानेवारी 2019 मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट 2020 मध्ये असेच हल्ले झाले आणि झालेले व्यवहार मागे फिरवले गेले. एखाद्या जिल्ह्याच्या नोंदींसाठी कुणी ही पद्धत वापरलीच, तर दोनच शक्यता उरतात: बिल परवडणार नाही, किंवा कुलूप कच्चं राहील.

इथेरियम या दुसऱ्या मोठ्या साखळीनं नियम बदलून दाखवला. 15 सप्टेंबर 2022 रोजी त्या चालत्या साखळीनं प्रूफ ऑफ वर्क सोडलं आणि प्रूफ ऑफ स्टेक स्वीकारलं. त्या एका बदलानं तिचा वीजवापर 99.9 टक्क्यांहून अधिक घटला. पद्धत लिलावातल्या अनामतीसारखी आहे. नोंदी तपासण्याच्या कामात उतरायचं तर किमान 32 इथर (इथेरियमचं चलन) अडकवून ठेवायचे. प्रामाणिक राहिलात तर थोडं व्याज. एकाच जागेसाठी दोन वेगळ्या गठ्ठ्यांवर सही केलीत तर अनामत कापली जाते आणि तुम्ही बाहेर. सुरक्षिततेच्या दृष्टीनं मला यातला फरक मोलाचा वाटतो. प्रूफ ऑफ वर्कमध्ये हल्लेखोराची यंत्रं हल्ल्यानंतरही त्याच्याकडेच राहतात, तो पुन्हा येऊ शकतो. इथे हल्ल्याचं हत्यारच जप्त होतं. कमी वीज म्हणजे कमी सुरक्षा, हे समीकरण तिथे मोडलं.

पैशाच्या साखळीसाठी हे मला पटतं. जमिनीच्या नोंदीसाठी पटत नाही, आणि त्याचं कारण आपल्या इतिहासात आहे. स्टेकमध्ये ज्याच्याकडे जास्त, त्याचं मत जड. 2023 मध्ये इथेरियमवर अडकवलेल्या रकमेपैकी जवळपास एक तृतीयांश एकाच सेवेमार्फत आलेली होती. नोंद खरी की खोटी हे ज्याची मालमत्ता मोठी त्यानं ठरवायचं, ही व्यवस्था कोकणानं पाहिलेली आहे. तिला खोती म्हणत. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी 1933 पासून सहा वर्षं शेत न कसता संप केला तो तिच्याविरुद्ध. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं तेही तिच्याविरुद्ध. खोती गेली ती 1949 च्या कायद्यानं. कुळाच्या आणि बागायतदाराच्या हक्काची नोंद ज्या वहीत राहायची, त्या वहीत मतांचं वजन पैशानं ठरता कामा नये.

सुदैवानं आपल्याला त्याची गरजही नाही. प्रूफ ऑफ वर्क आणि प्रूफ ऑफ स्टेक दोन्ही अनोळखी गर्दीसाठी आहेत, जिथे कोण येईल कोण जाईल हे माहीत नसतं. सातबाऱ्याच्या वहीत कोण कोण गुंतलेलं आहे हे आपल्याला नावानिशी ठाऊक आहे: महसूल खातं, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, न्यायालय, कर्ज देणारी बँक, ग्रामपंचायत. हे सगळे ओळखीचे आहेत, फक्त एकमेकांवर डोळे झाकून विश्वास टाकावा असे नाहीत. अशा मंडळींची सहमती कशी साधायची, याचं गणित ब्लॉकचेनच्याही आधीचं आहे. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ यांनी 1982 मध्ये ते मांडलं, आणि कास्त्रो व लिस्कोव्ह यांनी 1999 मध्ये त्याची वेगानं चालणारी पद्धत दिली. गणित सांगतं की एक खोटारडा सहन करायचा असेल तर चार नोड, म्हणजे वहीची प्रत सांभाळणारे संगणक, हवेत, दोन सहन करायचे तर सात, तीन सहन करायचे तर दहा. सात नोड म्हणजे सात साधे सर्व्हर. एका सर्व्हरला घरातल्या इस्त्रीपेक्षा कमी वीज लागते.

म्हणजे विजेचा प्रश्न इथे जवळजवळ संपतो. खरी काळजी इथून पुढे सुरू होते, कारण वीज वाचवणं सोपं आहे म्हणून सुरक्षाही सोपी आहे असं समजून निविदा काढल्या जातात.

पहिली मेख तांत्रिक आहे आणि ती निविदेतल्या एका शब्दात लपते. संस्थांसाठीच्या अनेक ब्लॉकचेन हायपरलेजर फॅब्रिक नावाच्या सॉफ्टवेअरवर उभारतात. त्यात नोंदींचा क्रम लावायला वर्षानुवर्षं राफ्ट नावाची पद्धत वापरली गेली. राफ्ट बंद पडलेल्या नोडला सांभाळून घेते, खोटं बोलणाऱ्या नोडला नाही. खोटेपणा सहन करणारी पद्धत फॅब्रिकमध्ये 2024 च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. कागदावर दोन्हींना ब्लॉकचेनच म्हणतात. लाइट जाऊन बंद पडलेला सर्व्हर आणि कुणाचे तरी पैसे खाऊन चुकीची नोंद रेटणारा सर्व्हर हे दोन वेगळे आजार आहेत, आणि आपल्याला भीती दुसऱ्याची जास्त आहे.

दुसरी मेख चाव्यांची. मार्च 2022 मध्ये रोनिन नावाच्या साखळीच्या पुलावरून (एका साखळीतली रक्कम दुसरीत नेणारी सोय) 60 कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीला गेली. तिथे नऊ नोड होते आणि पाचांच्या सह्या पुरत. कागदावर हे ठीक दिसतं. पण नऊपैकी चार नोड एकाच कंपनीच्या ताब्यात होते, आणि पाचव्याच्या वतीनं सही करायची जुनी परवानगी त्या कंपनीकडून काढून घ्यायची राहून गेली होती. चोराला एका घरात शिरल्यावर पाचही चाव्या मिळाल्या. गणित चुकलं नव्हतं. नऊ नोड हे नऊ जण नव्हतेच.

आपल्या जिल्ह्यात सात कार्यालयांत सात सर्व्हर ठेवले, पण सातांचा पासवर्ड एकाच कंत्राटदाराच्या माणसाकडे असला, तर तो एकच नोड आहे. सातही कार्यालयं एकाच साहेबाच्या सहीनं चालत असली, तरीही तो एकच नोड आहे. सहमतीसाठी हितसंबंध वेगळे असावे लागतात.

हे आपल्या गावांना नवं नाही. आमच्या ग्रामदेवतेची रूपं ज्या पेटीत असतात तिला तीन कुलपं आहेत आणि तीन चाव्या तीन वेगळ्या घराण्यांच्या मानकऱ्यांकडे. या घराण्यांचं एकमेकांशी पूर्वापार फारसं पटत नाही, म्हणूनच चाव्या त्यांच्याकडे आहेत, असं माझे आजोबा सांगत. एका शिमग्याला एक मानकरी मुंबईला रुग्णालयात होते. चावी त्यांच्यासोबत गेली होती. त्यांचा मुलगा रात्रीच्या गाडीनं चावी घेऊन येईपर्यंत पालखी सजली नाही. ढोल वाजत होते, चाकरमानी ताटकळले होते, काहींची परतीची गाडी चुकली. पण कुलूप तोडू या, असं कुणी म्हटलं नाही.

सहमतीच्या शास्त्रात हीच निवड करावी लागते. जाळं तुटलं, काही नोड दिसेनासे झाले, तर यंत्रणेनं थांबायचं की जमेल तसं पुढे जायचं? बिटकॉइन पुढे जातं. क्षणभर दोन फाटे फुटले तरी चालतील, नंतर लांब फाटा धरू, असं त्याचं धोरण. कास्त्रो-लिस्कोव्हच्या वळणाच्या पद्धती थांबतात. एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त नोड गेले की नवी नोंदच होत नाही. कोकणात हा प्रश्न पुस्तकी नाही. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ गेल्यावर रायगडच्या दक्षिणेला आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. 22 जुलै 2021 ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. घाटात दरड कोसळली की केबलही तुटते.

माझं मत स्पष्ट आहे: जमिनीच्या वहीनं थांबावं. फेरफार पंधरा दिवस उशिरा झाला तर गैरसोय होते. एकाच जमिनीचे दोन फेरफार झाले तर दोन पिढ्या कोर्टात जातात. आमच्या आजोळच्या कातळावरच्या सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावरून एका फेरफारात मावशीचं नाव गळलं. कुणी, कधी, कशाच्या आधारावर, याचं उत्तर त्या कार्यालयात मिळालं नाही. जुनी पानं भिजली आहेत, एवढंच सांगितलं गेलं. मावशीनं अकरा वर्षं खेपा घातल्या. जुनी नोंद पुसली न जाणारी, सात ठिकाणी राहणारी वही तेव्हा असती, तर निदान नाव कोणत्या तारखेला आणि कोणाच्या सहीनं गेलं, हे तरी तिला कळलं असतं. म्हणून मी या तंत्राच्या विरोधात नाही. मला ते हवं आहे, आणि ते नीट हवं आहे.

हापूसचं उदाहरण मात्र मी जपून देतो. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावानं खपवला जातो ही बागायतदारांची दुखरी नस आहे. पेटीवर क्यूआर कोड आणि मागे ब्लॉकचेन, असा प्रस्ताव ऐकायला गोड वाटतो. पण सहमती नोंदीनंतरची छेडछाड रोखते, नोंदीच्या वेळचं खोटं नाही. पेटीत परका आंबा भरून खरा कोड चिकटवला, तर सातही नोड एकमतानं ते खोटं कायमचं जपून ठेवतील. तिथे खर्च आधी बागेतल्या मोजणीवर, झाडांच्या संख्येवर आणि त्या मानानं किती कोड द्यायचे यावर केला पाहिजे. दोनशे कलमांच्या बागेला दहा हजार पेट्यांचे कोड कसे गेले, हे विचारायला माणूस लागतो.

माझं मागणं जमिनीच्या वहीपुरतं आहे. कुठलेही तीन नोड एका हातात येऊ नयेत असे सात नोड असावेत. त्यातला निदान एक न्यायव्यवस्थेकडे, एक बँकेकडे आणि एक जिल्ह्याबाहेर, घाटावर. सह्यांच्या चाव्या कंत्राटदाराकडे नसाव्यात. सगळे नोड एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर चालवत नसावेत. मे 2023 मध्ये इथेरियमच्या काही सॉफ्टवेअरवर ताण येऊन नोंदी अंतिम होणं थोडा वेळ अडलं, तरी साखळी चालू राहिली ती दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या नोडांमुळे. आणि वाचण्यापुरती प्रत कुणालाही, अगदी मुंबईत राहणाऱ्या खातेदारालाही, आपल्या संगणकावर ठेवता यावी.

आणि ही वही लोकांच्या हाती देण्याआधी तिची एक चाचणी व्हावी, तीही जून-जुलैत, वातानुकूलित सभागृहात नव्हे. भर पावसात एक नोड मंडणगडला बंद करावा, दुसऱ्याला मुद्दाम खोटी नोंद द्यायला लावावी. फेरफार तरीही बरोबर झाला पाहिजे. मग तिसरा नोड चिपळूणला बंद करावा. त्या क्षणी यंत्रणा थांबली पाहिजे, आणि ती का थांबली हे खिडकीशी उभ्या असलेल्या बाईला मराठीत सांगता आलं पाहिजे.